भाऊबीजेची सकाळ आक्षीच्या किनाऱ्यावर: भरती-ओहोटी बघून पक्षी कसे बघायचे, पूर्ण दिवसाचा प्लॅन

माझी आक्षीची पहिली फेरी साफ फुकट गेली होती. रविवार होता, पुण्याहून सकाळी सातला निघून अकराला पोचले, सुरूच्या बनातून पुढे येऊन बघते तर किनाराच नाही, पाणी थेट सुरूच्या मुळांपर्यंत, दोन कावळे आणि वर एक घार, बस. एक मावशी पाटी खाली ठेवून सावलीत बसल्या होत्या, त्यांना विचारलं की इथे पक्षी कुठे दिसतात, तर म्हणाल्या, "अगो बाय, आज पुनव हाय. पानी पुरं भरलंय, पाखरां बसनार कुठं? सकाली सातला यायचं व्हतंस."

तेव्हापासून मी किनाऱ्यावर जायची तारीख रविवार बघून ठरवत नाही, तिथी बघून ठरवते. आणि खरं सांगते, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कोकणच्या किनाऱ्यावर जे दिसतं ते बघायला महागडा कॅमेरा लागत नाही, पाणी कधी येणार आणि कधी जाणार एवढं कळलं की अर्धं काम झालं. म्हणून हा लेख. अलिबागजवळच्या आक्षी, नागाव, रेवदंडा या पट्ट्यात शरदातला एक अख्खा दिवस कसा घालवायचा ते सगळं सांगते.

तारीख कशी ठरवायची

मावशींनी शिकवलेला हिशोब असा: तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची, जे उत्तर येईल त्या वाजता भरती पूर्ण. आपल्या आजी-आजोबांना पाऊणकी पाठ असायची त्यांना हे चुटकीसरशी जमायचं. म्हणजे द्वितीया असेल तर दोनची पाऊणपट दीड, दीड वाजता भरती, दुपारी पण आणि रात्री पण. अष्टमीला आठची पाऊणपट सहा, सकाळी सहा आणि संध्याकाळी सहा. शुक्ल असो वा कृष्ण, दोन्ही पक्षात तोच हिशोब. पुनवेला आणि अवसेला बाराच्या सुमारास. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी, आणि दुसऱ्या दिवशी सगळं पाऊण-एक तास पुढे सरकतं. हे अंदाजाचं गणित आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, कधी थोडा जास्त, म्हणून निघायच्या आधी मोबाईलवर त्या दिवसाचं भरतीचं टाइमटेबल पण बघून घ्या. पण चार महिने आधी सुट्टी टाकताना ही पाऊणकी फार उपयोगी पडते.

आता पक्ष्यांसाठी याचा अर्थ काय. पूर्ण ओहोटीला वाळू आणि चिखल इतका लांबपर्यंत उघडा पडतो की पक्षी पार पाण्याच्या कडेला, नुसते ठिपके. पूर्ण भरतीला त्यांना उभं राहायला जागाच नसते. मधले जे दोन-तीन तास असतात, पाणी चढत असतं आणि पक्ष्यांना हळूहळू तुमच्याकडे ढकलत असतं, ते सोन्यासारखे. आणि आपला किनारा पश्चिमेला तोंड करून आहे, म्हणजे सकाळी सूर्य आपल्या पाठीमागे आणि उजेड सरळ पक्ष्यांवर, म्हणून ते दोन-तीन तास सकाळी आले पाहिजेत. त्रयोदशी ते तृतीया या दिवसांत हे बरोबर जुळतं. अष्टमी-नवमीच्या आसपास भांग असतो, पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही, पक्षी तेव्हाही असतात पण विखुरलेले, आणि सकाळभर पाणी दूर जात असतं.

सणांनीच लक्षात ठेवायचं तर दसऱ्याला दशमी, भरती साडेसातला, म्हणजे फार लवकर. कोजागिरीला उधाण, सकाळी साडेसात ते दहा मस्त, माझ्यासारखं अकराला पोचाल तर काही नाही. लक्ष्मीपूजनाची अमावास्या, तोच प्रकार. आणि भाऊबीज म्हणजे द्वितीया, ओहोटी सकाळी सव्वासातच्या आसपास, भरती दीडला, पुन्हा ओहोटी संध्याकाळी पावणेआठला. हा माझा सगळ्यात आवडता दिवस आहे, कारण सकाळी चढतं पाणी आणि संध्याकाळी खाडीत उतरतं पाणी, दोन्ही एकाच दिवशी मिळतं. दिवाळीच्या सुट्टीची गर्दी असते हे खरं, पण गर्दी दहानंतर येते आणि आपल्याला साडेसहाला वाळूवर असायचंय. गर्दी अजिबात नको असेल तर पंधरा दिवसांनी येणारी कार्तिकातली कृष्ण द्वितीया घ्या, पाणी तसंच. ५ ते १२ नोव्हेंबर महाराष्ट्रात पक्षी सप्ताह असतो, त्यातही तिथी जुळली तर बघा.

शरदच का? कारण हे पाहुणे पक्षी नुकतेच आलेले असतात. सँडरलिंग हे छोटे किनाऱ्यावरचे पक्षी आर्क्टिकमधून येतात, तपकिरी डोक्याचे कुरव (म्हणजे सीगल) तिबेट-लडाखच्या तलावांवरून, छोटे सँड प्लोवर पण त्याच उंच पठारांवरून. सप्टेंबरच्या शेवटी आलात तर काहींच्या छातीवर विणीच्या हंगामातला तांबूस रंग अजून उरलेला दिसतो, नोव्हेंबरपर्यंत सगळे राखाडी होतात. आणि एक गोष्ट मला दरवर्षी नव्याने थक्क करते, यातल्या बऱ्याच जातींमध्ये मोठे पक्षी आधी निघून येतात आणि त्या वर्षी जन्मलेली पिल्लं मागाहून, कुणी वाट दाखवायला नसताना. तुमच्यासमोर वाळूवर पळणारं ते मूठभर पिल्लू ही वाट आयुष्यात पहिल्यांदाच उडून आलेलं असतं.

सोबत काय घ्यायचं

दुर्बिण हवीच. ८×४२ घ्या किंवा १०×४२. पहिला आकडा किती पट जवळ दिसेल तो, दुसरा पुढच्या काचेचा व्यास मिलिमीटरमध्ये. नवीन माणसाने आठ पटीची घ्यावी असं माझं मत, हात कमी हलतो आणि पक्षी पटकन सापडतो. किनाऱ्यावर अंतर जास्त असतं म्हणून लोक दहाची सुचवतात, ते पण चुकीचं नाही, पण ऑक्टोबर हीटमध्ये दहानंतर वाळूवरची हवा अशी थरथरते की जास्त पट असून काही स्पष्ट दिसत नाही. ग्रुपमध्ये कुणाकडे स्कोप, म्हणजे तिवईवरची मोठी एका डोळ्याची दुर्बिण, असेल तर त्याच्याशी गोड बोलून त्याला घेऊन या, दूर बसलेल्या कुरवांच्या थव्यासाठी स्कोपसारखं काही नाही.

मातकट रंगाचे कपडे, टोपी, दोन लिटर पाणी, एक वही आणि पेन्सिल (पेन दमट हवेत दगा देतं), बसायला जुनी चटई किंवा प्लास्टिकचं पोतं. पायात भिजले तरी चालतील असे पट्ट्याचे सँडल, अनवाणी नको, खाडीकडे कालवांच्या कडा ब्लेडसारख्या असतात. दुर्बिण पुसायला एक सुती फडकं आणि छोट्या बाटलीत साधं पाणी, ते का ते शेवटी सांगते.

आदल्या रात्री आक्षी किंवा नागावला मुक्काम करा. मुंबईहून मांडव्याची लाँच सोयीची आहे, पण ती पकडून साडेसहाला वाळूवर पोचणं होत नाही. आणि लाँचवरून येताना एक विनंती, मागे कुरवांचा थवा लागतो आणि लोक गाठिया, चिप्स उडवतात, तसं करू नका, मुलांनाही समजावून सांगा. मासे खाणारा पक्षी आहे तो, हजारो किलोमीटर उडून आलेला, त्याच्या पोटात तळलेलं बेसन आणि मीठ कशाला. त्याऐवजी तेवढ्या वेळात त्यांना ओळखायला शिका, लाँचइतक्या जवळून ते पुन्हा दिसणार नाहीत. नावावर जाऊ नका, तपकिरी डोक्याचा आणि काळ्या डोक्याचा कुरव, दोघांचंही डोकं हिवाळ्यात पांढरं असतं आणि कानामागे फक्त एक गडद ठिपका उरतो. पंख उघडले की बघा: टोकाला काळ्या भागात पांढरे ठिपके असतील तर तपकिरी डोक्याचा, पंखाच्या पुढच्या कडेला लांब पांढरी पट्टी असेल तर काळ्या डोक्याचा.

साडेसहा ते नऊ

अलिबागहून आक्षी पाच-सहा किलोमीटर. गाडी गावातच लावा, वाळूवर अजिबात नेऊ नका. सुरूच्या बनात पाच मिनिटं नुसतं उभं राहा, कारण पाणी अजून लांब आहे, घाई कशाचीच नाही. कोतवाल, हळद्या, कधी हुदहुद पाचोळ्यात चोच खुपसत फिरत असतो, तारेवर निळ्या शेपटीचे वेडे राघू असतात. हुदहुद दिसला की मी दिवस चांगला जाणार असं धरून चालते.

मग वाळूवर या आणि आधी खाली बघा. माणसांची पावलं पडायच्या आत रात्रीचा सगळा हिशोब तिथे लिहिलेला असतो. कुत्र्याचे ठसे तर असतातच, पण कांदळवनाच्या बाजूने आलेले थोडे लहान, सरळ एका ओळीत जाणारे ठसे दिसले तर कोल्ह्याचे असू शकतात, या पट्ट्यात कोल्हे आहेत. ओल्या वाळूवर मोहरीएवढ्या गोळ्यांची रांगोळी दिसेल, मधल्या भोकापासून बाहेर जाणाऱ्या ओळी. ती एका नखाएवढ्या खेकड्याने काढलेली असते. थोडं दूर, न हलता उकिडवं बसा, तीन-चार मिनिटांत तो बाहेर येतो, दोन्ही नांग्यांनी भराभरा वाळू तोंडात घालतो, त्यातलं खाण्यासारखं तेवढं गाळून घेतो आणि उरलेल्या वाळूची गोळी करून पायांनी मागे ढकलतो, पुन्हा दुसरी. भरती आली की सगळी रांगोळी पुसली जाते आणि पुढच्या ओहोटीला तो नव्याने सुरू करतो. मुलं बरोबर असतील तर अर्धा तास इथेच जाईल, जाऊ द्या.

आता किनाऱ्याला समांतर चालत अशी जागा शोधा जिथे पाणी चढल्यावर पण वाळूचा थोडा उंचवटा उरेल, खाडीच्या तोंडाजवळ सहसा सापडतो. पक्षी शेवटी तिथेच येणार. त्या उंचवट्यापासून ऐंशी-शंभर पावलं अलीकडे, सूर्य पाठीशी ठेवून चटई टाका आणि बसा. बसायचं म्हणजे खरंच बसायचं. माझ्या सगळ्या चांगल्या नोंदी बसून झालेल्या आहेत, पक्ष्यामागे चालत गेले तेव्हा फक्त पाठ दिसली.

पाणी चढताना

आठच्या पुढे पाणी चढताना जाणवतं. साधारण नऊपासून पक्षी जवळ यायला लागतात आणि आता ओळखायची खरी मजा.

सुरुवातीला सगळे एकसारखे राखाडी-तपकिरी दिसतात आणि माणूस हताश होतो. रंग सोडून द्या, चाल बघा. चिखल्या, म्हणजे प्लोवर, तुरुतुरु पळतो, थबकतो, बघतो, एक टोच मारतो, पुन्हा पळतो. त्याची चोच आखूड आणि डोळे मोठे, कारण तो डोळ्यांनी शिकार करतो. तुतवार (सँडपायपर) आणि त्याचे भाऊबंद चालता चालता सारखी चोच खुपसत राहतात, शिवणयंत्रासारखी, कारण त्यांना चोचीच्या टोकाने वाळूतलं भक्ष्य जाणवतं. हा एक फरक पक्का झाला की अर्धा थवा वेगळा झाला. मग चोचीची लांबी बघा. चिखल्या वरवरचं खातो, टिलवा (रेडशँक) थोडं खोल, आणि कर्ल्यू त्याच्या त्या लांब वाकड्या चोचीने पार खालचा खेकडा ओढून काढतो. त्यामुळे इतके सगळे एकाच पट्ट्यात असतात आणि तरी भांडणं फारशी दिसत नाहीत, प्रत्येकाचा मजला वेगळा.

सँडरलिंग ओळखायला सगळ्यात सोपा, फिकट, जवळजवळ पांढरा, काळे पाय, आणि लाट मागे गेली की तिच्यामागे धावतो, लाट आली की तिच्यापुढे. पंधरा-वीस जण एका ओळीत असं मागेपुढे करत असतात. जवळ आला तर पाय नीट बघा, त्याला मागचं बोट नसतं, पुढची तीनच. गेल्या खेपेला एक माझ्या चटईपासून आठ-दहा फुटांवर आला होता. लाट गेल्यावर वाळूवर जी चकचकीत पातळ फिल्म राहते ना, तिच्यात त्याने टोच मारली, एक दोऱ्याएवढा किडा ताणून बाहेर काढला, तो तुटू नये म्हणून मान मागे घेत अगदी सावकाश, आणि तेवढ्यात दुसरी लाट आली तरी त्याने तो सोडला नाही, किडा चोचीत धरूनच पळाला. मी श्वास रोखून बसले होते. दुर्बिण उचलायची सुद्धा गरज नव्हती.

लाल पायाचा टिलवा सगळ्यांचा पहारेकरी. तुम्ही उठलात, हात हलवला की पहिला तो ओरडतो आणि त्याच्यामागे अख्खा थवा उठतो. म्हणून टिलवा जवळ असेल तर जास्त जपून. काळा-पांढरा अंग, गाजरासारखी लाल चोच दिसली तर तो कालवफोड्या, ऑयस्टरकॅचर, मोठा देखणा पक्षी. आक्षीला त्याच्यासाठी लोक मुंबई-पुण्याहून येतात. काही शिंपल्यांचे जोड तो चोच आत सरकवून उघडतो, काही सरळ ठोकून फोडतो.

कुरव आणि सुरय (टर्न) यांचा थवा बहुतेक एकत्रच बसलेला असतो. सुरय सडपातळ, चोच टोकदार, आणि पाण्यावर घिरट्या घालून सूर मारतो, कुरव अंगाने भरलेला आणि पाण्यावर तरंगत बसतो. थव्यात एक खूप मोठा सुरय, लालभडक जाड चोचीचा, दिसला तर तो कॅस्पियन. समुद्र बगळा दोन रंगांत येतो, एक गडद राखाडी आणि एक पांढराशुभ्र, नवीन माणूस त्यांना दोन जाती समजतो, पण जात एकच. आणि सगळा थवा एकदम काही कारण नसताना उठला तर वर बघा, ऑस्प्रे (मासे पकडणारा शिकारी पक्षी) किंवा समुद्री गरुड असण्याची शक्यता मोठी. ब्राह्मणी घार रोजचीच, तिला थवा फार मनावर घेत नाही.

मोजायचं कसं हेही सांगते. दहा पक्षी नीट मोजा, ते किती जागा घेतात ते डोळ्यांत बसवा, मग तेवढे तुकडे थव्यावर मोजत जा. उडता थवा मोजू नका, बसलेला मोजा. मी ई-बर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदींच्या अ‍ॅपवर, यादी टाकते, वेळ आणि अंतर आपोआप नोंदलं जातं, आणि फक्त दुर्मिळ पक्षी लिहून थांबू नका, कावळे, घारी, साळुंक्या सगळं लिहा. न ओळखलेला पक्षी "चिखल्या, जात नक्की नाही" असाच लिहा, त्यात कमीपणा नाही, छोटा आणि मोठा सँड प्लोवर वेगळे करताना अनुभवी लोक पण अडतात. पायात रंगीत कडं किंवा छोटा झेंडा दिसला तर फार मोलाची गोष्ट, कोणत्या पायात, गुडघ्याच्या वर की खाली, रंग कोणता, अक्षरं वाचता आली तर ती, आणि फोटो, हे सगळं बीएनएचएसला (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीला) कळवा. त्या एका नोंदीतून तो पक्षी कुठून आला ते कळतं.

थव्याजवळ किती जायचं

यावर माझं ठाम मत आहे. पक्षी माना वर करून तुमच्याकडे बघायला लागले, खाणं थांबलं, किंवा एका दिशेला चालायला लागले, म्हणजे तुम्ही आधीच जास्त जवळ आलात. तिथेच थांबा, खाली बसा, शक्य असेल तर दोन पावलं मागे या. उडवलेल्या थव्याचा फोटो सुंदर येतो हे मला माहिती आहे, पण हजारो किलोमीटर उडून आलेल्या पक्ष्याकडे चरबी शिल्लक नसते, भरतीचे हे दोन-तीन तास त्याचे विश्रांतीचे, आणि दर वीस मिनिटांनी कुणीतरी त्याला उडवतं, कधी भटकी कुत्री, कधी वाळूवर भरधाव नेलेली गाडी, कधी फोटोवाले आपणच. कुत्र्यांचं आपल्या हातात नाही. आपलं तरी आहे. आपल्याबरोबरच्या मुलांना "पळ रे थव्यात" म्हणून पाठवणारे आई-वडील दिसले तर मी जाऊन दुर्बिण त्या मुलाच्या हातात देते आणि म्हणते हे बघ, आजपर्यंत एकही मूल त्यानंतर पळालेलं नाही.

अकरा-साडेअकराला पाणी बरंच वर येतं, हवा थरथरायला लागते, पाण्यावर स्कूटर आणि बनाना राइड सुरू होतात. उठा.

दुपार वाडीत

आक्षी-नागावच्या नारळी-पोफळीच्या वाड्या म्हणजे दुपारचा खजिना. बऱ्याच घरी सांगून ठेवलं तर जेवण मिळतं, सुरमई नाहीतर बांगडा, तांदळाची भाकरी, सोलकढी. जेवून वाडीत पाटाच्या कडेला खुर्ची टाकून बसा. सावलीत, पाण्याजवळ, स्वर्गीय नर्तक येतो, तांबट एकसुरी टुक टुक चालू ठेवतो, शिंजीर केळफुलावर, भारद्वाज जमिनीवर सरपटल्यासारखा. राखी धनेशाचा चिरका आवाज आला की वडा-पिंपळाकडे बघा. वाडी कुणाची तरी आहे हे विसरू नका, विचारल्याशिवाय आत जाऊ नका, आणि विचारलं तर लोक कौतुकाने स्वतःच दाखवतात. इथून किहीम जवळ आहे, १९३० साली सालिम अलींनी तिथेच मुक्काम करून सुगरणीचा अभ्यास केला, नर एकामागून एक घरटी अर्धी बांधतो आणि मादीने पसंत केलं की पुढे पूर्ण करतो, हे त्यांनी नुसतं बसून, रोज बघून शोधून काढलं. आणि वाटेत आक्षीतला शके ९३४ चा शिलालेख पाच मिनिटं थांबून बघा, मराठीतला सगळ्यात जुना मानला जातो तो.

वर आकाशात चतुरांचे थवे तरंगताना दिसले तर त्यांच्याकडेही लक्ष द्या. या दिवसांत पिवळसर चतुर भारतातून समुद्रावरून आफ्रिकेकडे जातात असं मानलं जातं, आणि नागालँडहून आफ्रिकेला जाणारे अमूर ससाणे पण नोव्हेंबरमध्ये महाराष्ट्रावरून अरबी समुद्रात शिरतात. मला अजून एकदाही अमूर ससाणा किनाऱ्यावर दिसलेला नाही, तरी दर नोव्हेंबरला मी मान वर करून असते.

साडेतीननंतर रेवदंड्याची खाडी

रेवदंड्याला कुंडलिका नदी समुद्राला मिळते, एका बाजूला पोर्तुगिजांनी बांधलेली तटबंदी, पलीकडे कोर्लईचा डोंगर. द्वितीयेला दीडची भरती धरली तर साडेतीन-चारला पाणी उतरायला लागून चिखल उघडा पडतो. आता सूर्य पश्चिमेला, म्हणजे सकाळच्या उलट करायचं, तुम्ही पश्चिमेकडे उभे आणि बघायचं पूर्वेकडे कांदळवनाच्या दिशेने.

इथे पहिला मान निवट्यांचा. चिखलात राहणारे हे मासे कल्ल्यांमध्ये पाणी धरून आणि ओल्या कातडीतून श्वास घेत बाहेर येतात, पुढच्या परांवर हात टेकल्यासारखे सरकतात, मध्येच पाठीवरचा पर उभारून एकमेकांवर उडी मारतात. त्यांच्या बाजूला एका नांगीचे खेकडे, नराची एक नांगी अंगाएवढी मोठी, ती हलवून तो मादीला बोलावतो आणि दुसऱ्या नराला दम देतो. तिवराच्या मुळ्या पेन्सिलीसारख्या चिखलातून वर आलेल्या दिसतील, त्या श्वासासाठी, त्यांच्यावर पाय देऊ नका. चिपी पण इथे बघा, २०२० साली पांढऱ्या चिपीला महाराष्ट्राने राज्य कांदळवृक्ष म्हणून जाहीर केलं.

पक्ष्यांमध्ये काळ्या टोपीचा खंड्या हा माझा इथला लाडका, जांभळा-निळा पाठ, काळं डोकं, लाल चोच, कांदळाच्या बाहेर आलेल्या फांदीवर बसतो. आपल्या घराजवळच्या खंड्यापेक्षा लाजरा आहे, गाडीतून न उतरता बघितला तर जास्त वेळ बसतो. तुतवार शेपटीकडचा भाग सारखा वरखाली करत बंधाऱ्यावर असतोच. विंब्रेल आणि कर्ल्यू शेजारी आले तर विंब्रेल लहान, चोच आखूड आणि डोक्यावर पट्टे. आणि खाडीच्या तोंडाशी पाणी शांत असेल तर नजर ठेवा, पाठीवर उंचवटा असलेला डॉल्फिन, कोकणात बऱ्याच ठिकाणी त्याला गादा म्हणतात, श्वासाला वर येतो. पाठ दिसते, संपते, मग मिनिटभर काही नाही. एकदा दिसला तर तिथेच बघत राहा.

सुरक्षेचं एकच पण नीट ऐका. चिखलात उतरायचं नाही. मी एकदा टिलव्याचा फोटो घ्यायला चार पावलं पुढे गेले आणि मांडीपर्यंत रुतले, पाणी उतरत होतं म्हणून निभावलं, चढत असतं तर काय झालं असतं याचा विचार आजही नकोसा वाटतो. एका होडीवाल्या दादांनी फळी टाकून ओढून काढलं. अडकलात तर ओढाताण करू नका, अंग मागे टाकून वजन पसरवा आणि हाक मारा. अलिबागच्या कुलाबा किल्ल्याला ओहोटीत चालत जाणाऱ्यांनीही परतीची वेळ आधी ठरवावी, पाणी मागून भरतं आणि कळत नाही. जाळ्यात अडकलेला पक्षी किंवा वाळूवर आलेलं कासव दिसलं तर स्वतः ओढू नका, पाण्यात ढकलू नका, जवळच्या कोळी बांधवांना आणि वनखात्याला कळवा.

सहाच्या सुमारास सूर्य जातो. अजून अर्धा तास थांबा. उजेड गेला की कर्ल्यू चिखलावरून उठतात आणि कूर-ली, कूर-ली ओरडत खाडीच्या तोंडाकडे जातात, काळोखात दिसत नाहीत, फक्त आवाज डोक्यावरून जातो. भाऊबीजेला पश्चिमेला चंद्राची बारीक कोरही असते.

मुक्कामी पोचलात की आंघोळीच्या आधी दुर्बिण. खारी हवा काचेवर आणि बिजागरीत बसते, कोरड्या फडक्याने चोळलं तर मीठ आणि वाळूचे कण ओरखडे पाडतात, म्हणून आधी फुंकर, मग साध्या पाण्यात ओलं केलेलं सुती फडकं हलक्या हाताने, मग कोरडं. सँडल धुवून उलटे टाका. यादी त्याच रात्री पूर्ण करा, उद्यावर टाकली की पंधरा सँडरलिंगचे वीस होतात. आणि मग कॅलेंडर काढून पुढची द्वितीया कधी आहे ते बघून ठेवा.